पापा झेफान्याच्या श्वासाच्या बाटल्या

लुविरी पठारावर चढणाऱ्या रस्त्याला वीस वळणं आहेत. लेव्हसन ड्रायव्हर आपल्या पिकअपच्या हौद्यात तीस माणसं, अकरा कोंबड्या आणि एक बकरा कोंबून वर निघाला, की प्रत्येक वळणावर दरीच्या बाजूला बसलेल्यांना आपलं एकेक पाप आठवायचं. विसाव्या वळणापर्यंत माणूस इतका पिकलेला असायचा, की वर बसलेल्या पापा झेफान्याला फक्त फांदी हलवायचं काम उरायचं.

त्या गुरुवारी हौद्यात तेम्वा मुंथालीही होती. सरोवरकाठच्या चिकुम्बी गावातल्या शाळेत ती रसायनशास्त्र शिकवायची. तिच्या वर्गातल्या, म्हणजे तिसऱ्या फॉर्मच्या, एक्केचाळीस मुलांपैकी बावीस त्या सकाळी शाळेत नव्हती, आणि ती कुठे आहेत हे उरलेल्या एकोणीस जणांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्यांनाही जायचं होतं, गाडीत जागा मिळाली नव्हती एवढंच.

वर पोचून पाहिलं तर मैदानात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध निखाऱ्यांवर तापवलेल्या वाळूचा वाफा, वाफ्यात कमरेपर्यंत रोवलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, आणि बाटल्यांच्या मागे पांढऱ्या कोटातला पापा झेफान्या. गळ्यात माईक, पायात मगरीच्या कातडीचे बूट. मगर बिचारी त्याच्या आधीच प्रभूला प्यारी झालेली.

"हे काय आहे?" त्याने एक बाटली उंच धरली.

"बाटली!"

"आत काय आहे?"

"काही नाही!"

"काही नाही असं कोण म्हणतं? सैतान म्हणतो! अरे, वाऱ्याला तुम्ही पाहता का? नाही! पण छप्पर उडवतो की नाही? उडवतो! तसाच माझा श्वास. चाळीस दिवस उपास केलेल्या माणसाचा श्वास आहे हा, कांदा खाल्लेल्याचा नाही!"

मग त्याने गाल फुगवून बाटलीत फुंकर मारली, झाकण करकचून पिळलं, वर मेण ओतलं. "दाराला टांगा. उघडायची नाही. घर स्वच्छ असेल तर बाटली ताठ राहील. घरात चेटकीण असेल तर ती माझ्या श्वासाचा गळा आवळल्याशिवाय राहणार नाही. बाटलीची कंबर चेपलेली दिसेल. मग तुम्ही आहात आणि ती आहे!"

"आमेन!"

प्रत्येक बाटलीआधी तो समोरच्याच्या कानाशी लागून विचारायचा, "मनात कुणाचं नाव आहे, लेकरा?" ज्याच्या मनात नाव नसे, पण हातात बकऱ्याची दोरी असे, त्याला एका टोपलीतली बाटली. ज्याच्या मनात नाव असे, त्याला दुसऱ्या टोपलीतली. तेम्वाने दोन टोपल्या पाहिल्या. तिला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. तिचा सगळा राग त्या बावीस मुलांवर खर्च होत होता.

परतीच्या वाटेवर तिच्या शेजारी एस्नात बसली होती. चोवीस-पंचवीसची पोर. नवरा जोहान्सबर्गला, आणि दोन वर्षांचा मुलगा मार्चमध्ये दगावलेला. बाटली तिने त्या मुलाला पाठीशी बांधायच्या कापडात गुंडाळून छातीशी धरली होती.

वरून मोजत उतरताना बाराव्या वळणावर कापडाच्या आतून आवाज आला. टक.

हौद्यातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या.

पंधराव्या वळणावर पुन्हा टक. एस्नातने कापड सोडलं. बाटलीची कंबर आत गेली होती, जणू कुणी मुठीत धरून पिळली होती. हौद्यातल्या बाकी बाटल्या ताठ. पुढच्या सीटवर बसलेल्या गावप्रमुख म्वाकाबांगांची तर सैनिकासारखी ताठ.

"तीच," एस्नात म्हणाली. "माझी सासू. मी सांगितलंच होतं पापांना. तिनेच खाल्लं माझ्या पोराला."

गाडी खाली पोचायच्या आधी बातमी पोचली. प्रमुखांनी रविवारी चर्च सुटल्यावर आंब्याखाली सभा ठरवली. सभेत काय होणार हे कुणी बोललं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. गेल्या वर्षी पलीकडच्या गावात अशीच एक बाटली चेपली होती. तिथल्या म्हातारीला सभेने गाव सोडायला सांगितलं. ती अडून बसली, तेव्हा तिचं घर पेटलं. ती आत होती.

एस्नातची सासू, न्यागोंद्वे, काठावर उसिपा मासळी वाळवायची. तेम्वा गेली तेव्हा ती बांबूच्या मांडवावर मासे उलटे करत होती. शेजारणी चार मांडव सोडून पलीकडे सरकल्या होत्या.

"आजी, दोन दिवस माझ्या घरी राहायला या."

"कशाला? जाळायला आले तर तुझंही घर जाईल." म्हातारीने मान वर केली नाही. "आणि मला चेटूक येत असतं ना, मॅडम, तर आधी या गुडघ्यांवर केलं असतं. पोरावर कशाला?"

"ती बाटली खोटी आहे. तो हवेचा दाब आहे. मी सांगते लोकांना."

"सांग. पण लवकर सांग. रविवार काही लांब नाही."

तेम्वाने सांगितलं. विहिरीवर सांगितलं, गिरणीवर सांगितलं, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं. वर हवा विरळ, खाली दाट. वर गरम बंद केलेली बाटली खाली थंड झाली, की आतली हवा आकसते आणि बाहेरची हवा तिला दाबते. लोक ऐकायचे, मान डोलवायचे, आणि म्हणायचे, "मॅडम, तुमचं बरोबर असेल. पण मग प्रमुखांची का नाही चेपली?"



शुक्रवारी तिने वर्गात गणित घातलं. भूगोलाच्या कपाटातला वायुभारमापक तिने लेव्हसनबरोबर वर पाठवून आकडे मागवले होते. हवेचा दाब वर आठशे साठ हेक्टोपास्कल, खाली साडेनऊशे. बाटली पाचशे मिलिलीटरची. "वर बंद करताना आतली हवा साठ अंश होती असं धरा. खाली सत्तावीस. सोडवा."

दहा मिनिटांनी तिने वह्या पाहिल्या. दोनशे चार. दोनशे चार. दोनशे चार. चाळीस वह्यांत दोनशे चार.

"दोनशे चार?" तेम्वाने खडू फळ्यावर असा आपटला की पुढच्या बाकावरच्यांच्या केसांत पांढरं पीठ बसलं. "साठाला सत्तावीसने तोललंत! अरे, न्यासिबालेच्या दुकानातल्या फ्रिजरमध्ये शून्य अंश असतं. तुमच्या हिशोबाने तिथे बाटलीतली हवाच संपली! दार उघडून बघा, संपते का? शून्य सेल्सियस म्हणजे काही उष्णतेचं शून्य नाही, पाण्याचा बर्फ होतो ती खूण आहे नुसती. काय मिळवायचं?"

"दोनशे त्र्याहत्तर, मॅडम!" वर्गाने सूर धरला. मागच्या बाकावर कुणी तरी खुदकन हसलं, कारण तेम्वाचं वर्गातलं नावच ते होतं.

एक वही तेवढी बरोबर होती. लुसुंगु नावाच्या अबोल मुलीची. साठचे तीनशे तेहतीस, सत्तावीसचे तीनशे. उत्तर चारशे आठ. म्हणजे ब्याण्णव मिलिलीटर कमी, एक पंचमांशाहून थोडंसं कमी. एस्नातच्या बाटलीचा चेप डोळ्यांना दिसतो, तेवढाच.

"शाबास! म्हणजे बाटली कुणी चेपली?"

लुसुंगुने खाली पाहिलं. "मॅडम, ही परीक्षेतली हवा. पापांची हवा वेगळी असते. आमच्या दारालाही आहे एक."

तेम्वा खुर्चीवर बसली. चौदा वर्षं ती हे गणित शिकवत होती. चुकणाऱ्यांवर ओरडत होती. बरोबर सोडवणाऱ्या पोरीच्याही दाराला बाटली टांगलेली असेल, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिला आता राग आला तो स्वतःचा, आणि तो बाकी सगळ्या रागांपेक्षा कडू होता.

शनिवारी ती न्यासिबालेला घेऊन वर गेली. न्यासिबाले म्हणजे दुकानदारीण, चर्चच्या गायकवृंदाची पुढारी आणि गावातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. ती खोटं बोलली तरी दोन डोंगर पलीकडे ऐकू जाई, म्हणून ती खोटं बोलतच नसे.

"मी तुझ्या बाजूने नाही, न्यामुंथाली," ती गाडीत तेम्वाला तिकडच्या रीतीने आडनावाला 'न्या' जोडून म्हणाली. "मी फक्त बघायला आलेय."

"बघायलाच बोलावलंय."

चौदाव्या वळणावर न्यासिबालेने पिशवीतून बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट काढलं. पाकीट टम्म फुगलं होतं. तिने ते सवयीने दाबून पाहिलं. "वर येताना यांना नेहमी पोट येतं. खाली नेलं की उतरतं."

"का येतं?"

"मला काय माहीत! येतं." मग विसाव्या वळणापर्यंत प्रत्येक वळणावर तिने ते पाकीट पुन्हा दाबून पाहिलं.

वर दोघींनी रस्त्याकडेला शेकोटी पेटवून वाळू तापवली. शाळेतला तापमापक बाटलीत सोडून पाहिला. आतली हवा सत्तरपर्यंत तापवली तेव्हा बाटली मऊ पडून वाकडी झाली. चाळीसवर बंद करून दुसरी खाली आणली, तर जेमतेम चेपली. पुन्हा वर गेल्या. तिसरी साठवर बंद केली.

"यात फुंकर नको," तेम्वा म्हणाली. "शिव्या घाल."

"मी गायकवृंदाची..."

"घाल म्हणते ना!"

न्यासिबालेने बाटलीच्या तोंडाला तोंड लावून अशा काही शिव्या घातल्या, की लेव्हसन ड्रायव्हरने त्यातल्या दोन लिहून घेतल्या. बाराव्या वळणावर टक. पंधराव्यावर टक. काठावर आली तेव्हा ती बाटली एस्नातच्या बाटलीची जुळी बहीण दिसत होती.

"म्हणजे साठ," तेम्वा म्हणाली. तिने एका कागदावर दोन आकडे लिहिले, घडी घातली आणि न्यासिबालेकडे दिली. "सभेत मी सांगेपर्यंत उघडायचा नाही. आणि साठ हा शब्द कुणापुढे काढायचा नाही."

रविवारी आंब्याखाली सगळं गाव होतं. तिसरा फॉर्म झाडून हजर होता, तसा तो शाळेत कधी नसे. न्यागोंद्वे एकटी मधोमध उभी. तिला कुणी बसायला दिलं नव्हतं. एस्नात समोर, चेपलेली बाटली मांडीवर. आणि प्रमुखांच्या शेजारच्या खुर्चीत पापा झेफान्या, कारण आपली कामगिरी बघायला तो नुकताच वरून स्वतः उतरला होता.

तेम्वाने शिव्यांची बाटली पुढे ठेवली आणि न्यासिबालेने काय घडलं ते सांगितलं. शिव्या वगळून. गर्दीत चुळबुळ झाली.

पापा हसला. "शिव्या घातल्या, म्हणून चेपली! माझ्या लेकरांनो, वाईट तोंडाची वाफ आणि चेटकिणीचा हात, परिणाम एकच."

"आमेन," कुणी तरी म्हणालं, पण जरा हळू.

"ठीक," तेम्वा म्हणाली. तिने काठोकाठ भरलेली बादली परातीत ठेवली. "एस्नातची बाटली बुडवली की किती पाणी सांडतं ते मी मोजणार आहे. मग एक ताठ बाटली बुडवू. फरक किती येईल, तो आकडा मी कालच लिहून ठेवलाय. कुणाकडे ताठ बाटली आहे?"

"माझी घ्या!" प्रमुख उठले. सगळ्या गावादेखत आपलं घर किती स्वच्छ आहे हे दाखवायची अशी संधी पुन्हा कुठे मिळणार? त्यांनी बाटली स्वतःच्या हाताने पाण्यात दाबली.

बुड. बुड. बुडबुड.

बाटलीच्या मानेपासून बारीक मोत्यांची माळ निघाली आणि वर येऊन फुटू लागली. प्रमुखांनी घाबरून आणखी जोरात दाबलं. माळ आणखी जाड झाली.

"हे काय?" प्रमुख म्हणाले.

"श्वास निघून चाललाय!" पापा ओरडला. "पाण्यात कोंडलात तुम्ही त्याला!"

"भोक आहे," तेम्वा म्हणाली. गुरुवारच्या दोन टोपल्या आता तिच्या डोळ्यांपुढे लख्ख उभ्या राहिल्या. "सुईने पाडलेलं, झाकणाच्या कड्याखाली, मेणाच्या खालच्या बाजूला. भोकातून बाहेरची हवा आत येत राहते, मग बाटली चेपेलच कशी? प्रमुख, तुमचं घर स्वच्छ आहे की नाही, हे बाटलीला माहीत नाही. तुम्ही बकरा दिलात हे माहीत असलेल्या माणसाने तुम्हाला भोकाची बाटली दिली. एस्नातने सासूचं नाव घेतलं, तिला बिनभोकाची. न्यागोंद्वेला तुम्ही आज जाळलं असतं. एका सुईच्या भोकासाठी!"

आता गर्दी उठून उभी राहिली. कुणी घराकडे पळालं, आपापल्या बाटल्या आणायला. पापाच्या कपाळावर घाम चमकला. पण दहा वर्षं माईकवर जगलेला माणूस. तो उठला आणि त्याने आवाज चढवला.

"भोक तुमच्या मॅडमने पाडलं असेल! आणि हिच्या त्या शास्त्राची मला भीती दाखवू नका. आम्हीही शाळा शिकलोय! गरम हवा गार झाली की आकसते, मान्य. पण किती? साठची सत्तावीस झाली, म्हणजे निम्म्याहून कमी उरायला हवी! आणि दाबाचं धरलंत तर त्याहून कमी! उरली का? ही बघा, अजून केवढी भरलेली आहे! मग बाकीची बाटली सावरून कोणी धरली? प्रभूने!"

"आमेन!" पुढच्या दोन रांगा तरी म्हणाल्या.

तेवढ्यात मुलींच्या घोळक्यातून हसू फुटलं. लुसुंगु उभी होती. वर्गात जिचा आवाज ऐकायला मिळत नसे, ती पोटावर हात दाबून हसत होती.

"मॅडम! यांनी दोनशे त्र्याहत्तर मिळवलेच नाहीत!"

तिसऱ्या फॉर्ममध्ये हशा पिकला. परवाच तीच चूक केलेली चाळीस पोरं सगळ्यात मोठ्याने हसत होती.

तेम्वा हसली नाही. ती पापाच्या अगदी जवळ गेली. "मिळवले नाहीस ते सोड. साठ कुठून आणलंस?"

"काय?"

"साठ. मी आज सकाळपासून या झाडाखाली साठ हा शब्द काढलेला नाही. तो माझ्या वर्गातल्या पोरांनी तेवढा ऐकलाय, आणि तू तर आत्ताच वरून उतरलायस. न्यासिबाले, कागद उघड."

न्यासिबालेने घडी उघडली आणि सरोवराच्या पलीकडच्या काठावरही कळेल अशा आवाजात वाचलं, "साठ अंश! ब्याण्णव मिलिलीटर!"

"आम्हाला दोघींना दोन बाटल्या खराब केल्यावर साठ कळलं," तेम्वा म्हणाली. "त्याहून जास्त तापवलं तर बाटली वाकते, कमी तापवलं तर चेप दिसत नाही. तुला कसं कळलं? चाळीस दिवसांच्या उपासात? तू तापमापक लावून बाटल्या भरतोस. तुला दाब माहीत आहे, तापमान माहीत आहे. तू वर्गात बसलेला आहेस. आमच्यापैकीच कुणी तरी तुला शिकवलं, आणि तू ते म्हाताऱ्यांना जाळायला वापरलंस. आणि तेही चुकीचं शिकून!"

पापा खुर्चीमागे सरकला. त्याच्यात फुंकरसुद्धा उरली नव्हती.

लुसुंगुने दुकानातली नवी बाटली आणि एस्नातची बाटली आळीपाळीने बुडवली, शाळेच्या मोजपात्रात सांडलेलं पाणी मोजलं. फरक नव्वद भरला. "दोन माझ्या हातून सांडलं," ती म्हणाली. घरून आणलेल्या ताठ बाटल्या एकेक करून बादलीत गेल्या, आणि एकूण एक बाटली बुडबुडली.

मग लोक पापाकडे वळले. कुणी काठी उचलली, कुणी वीट.

"हात लावायचा नाही!" तेम्वा त्याच्या आडवी उभी राहिली. रागाने तिचा आवाज चिरकला. "तासाभरापूर्वी हीच काठी न्यागोंद्वेसाठी आणली होतीत. काठी तीच, माणूस बदलला, आणि तुम्हाला वाटतंय तुम्ही शहाणे झालात? पोलिसांना बोलवा. पलीकडच्या गावात एक बाई जळालीय, तिच्याबद्दल याला तिथे विचारतील. आणि घर कुणी पेटवलं, तेही विचारतील."

काठ्या खाली आल्या. एक-दोन जण माना खाली घालून मागच्या मागे निघूनही गेले. प्रमुखांनी दोघांना पापाच्या दोन बाजूंना उभं केलं आणि लेव्हसनला गाडीने पोलीस चौकीकडे पाठवलं.

एस्नात जागची हलली नव्हती. "मग माझ्या पोराला कुणी मारलं?" ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "सांगा ना. कुणी तरी मारलं असेलच ना."

 उत्तर न्यागोंद्वेने दिलं. सकाळपासून पहिल्यांदा ती बोलली.

"ताप आला होता त्याला, पोरी. मलेरियाचा. मी म्हणाले दवाखान्यात ने, काठाच्या रस्त्याला आहे. तू वर नेलंस. तीन दिवस या माणसाच्या मंडपात ठेवलंस. मी तुला दोष देत नाही. तुला सांगणारे फार होते, आणि मी एकटी होते."

एस्नातच्या तोंडून निघालेला आवाज कुणी ऐकू नये असा होता. म्हातारी तिच्याजवळ गेली नाही. तिचे गुडघे चालत नव्हते म्हणून नव्हे.

"चला," प्रमुख घसा खाकरून म्हणाले. "झालं गेलं मिटलं. न्यागोंद्वे, गाव तुमची माफी मागतं."

"मिटलं कसं?" न्यागोंद्वे म्हणाली. "तुमच्यातले निम्मे माझ्या हातावर जन्मले. मी चाळीस वर्षं या काठावर मासळी वाळवते. तुम्ही मला ओळखत होतात, आणि त्या बाटलीला चार दिवस ओळखत होतात. तरी बाटलीचं ऐकलंत." तिने कमरेच्या कापडाच्या टोकाने तोंड पुसलं. "मॅडमचं गणित मला कळलं नाही. कळायची गरजही नाही. पण न्यासिबालेने शिव्या घातल्या आणि तसंच झालं, एवढं मला कळतं, आणि तुम्हालाही कळतं. हे गुरुवारीच कुणी तरी करून बघायला हवं होतं. दुसऱ्याने केलं तर होतं का, फुंकर न मारता होतं का, प्रत्येक वेळी होतं का. एवढं विचारायला शाळा लागत नाही, तोंड लागतं. मला माफी नको. उद्या आणखी कुणी येईल, त्याच्याकडे बाटली नसेल, दुसरं काही असेल. आणि तुम्ही आणखी एका बाईला या झाडाखाली उभं कराल. तेव्हा आधी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत हात खिशात ठेवा."

ती वळली आणि मांडवाकडे चालू लागली. मासे उलटायचे राहिले होते, आणि ऊन चढलं होतं.